मांजर आडवे गेले

मराठी माणसाला रस्ता सांगता येत नाही, असं माझं फार जुनं मत आहे. रस्ता दाखवता येतो. सोबत चार पावलं येऊन, वाटेत स्वतःच्या मुलीच्या लग्नाची हकिगत ऐकवून, तो तुम्हाला थेट मुक्कामाला पोचवील. पण एका जागी उभं राहून, निव्वळ शब्दांनी, आधी काय आणि मग काय हे क्रमवार सांगणं आपल्या रक्तातच नाही. आमच्या लोणावळ्यात पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी याची जाहीर प्रात्यक्षिकं चालतात. मुंबईची मोटार थांबते, काच चार बोटं खाली येते आणि आतून प्रश्न येतो, "भुशी डॅम कुठे?" आमचा गाववाला हातातली पिशवी खाली ठेवतो, छत्री सावरतो आणि सांगतो, "हे असं सरळ जायचं. पुढं पूर्वी चिंच होती बघा, तिथनं वळायचं." पूर्वी असलेली चिंच मुंबईच्या माणसाला आज कशी दिसावी, हा विचार सांगणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. आणि कुठल्या बाजूला वळायचं ते तो ज्या हातानं दाखवतो, तो हात छत्रीच्या आड असतो.

याला इतिहासाचाही थोडा आधार असावा. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. साहेबाला घाटातली वाट एका धनगरानं अचूक दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा आमच्याकडे सांगतात. रस्ता नीट सांगणाऱ्याची ही गत होते म्हटल्यावर पुढच्या पिढ्यांनी 'पूर्वी चिंच होती तिथनं' हे धोरण स्वीकारलं असेल, तर त्यांना तरी नावं कशी ठेवायची?

बाहेर हे, तर घरात दुसरं. आमच्या सौ.नं सूनबाईला उकडीच्या मोदकांची कृती सांगितली ती अशी : "पाण्याला आधण आलं की पिठी घालायची, मीठ बेताचं, वाफ आली की उतरवायचं."

"वाफ आलीय हे कसं ओळखायचं?" सूनबाईनं विचारलं.

"कळतं की!"

या दोन शब्दांवर आपल्या पाककलेचा, संसाराचा आणि माझ्या अंदाजाप्रमाणे सरकारी कारभाराचाही डोलारा उभा आहे. आणि अशा या 'कळतं की' संप्रदायाच्या घरात गेल्या गणपतीत एक मांजर आलं. त्याला 'कळतं की' हे मुळीच कळत नव्हतं.

हे मांजर आमच्या नातीनं पुण्याहून आणलं. नात नऊ वर्षांची, चौथीत. गणपतीच्या सुट्टीत आई-बापांनी तिला लोणावळ्याला पोचती केली, तेव्हा तिच्या दप्तरात बापाचा जुना लॅपटॉप होता. आल्या आल्या तिनं तो देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर उघडला. पांढऱ्याशुभ्र चौकोनाच्या मधोमध एक नारिंगी मांजर दोन पायांवर उभं होतं.

"उद्या गणपती बसायचेत," मी म्हटलं. "आडवं नाही ना जाणार हे?"

"सांगितल्याशिवाय ते कुठेच जात नाही, आजोबा," नात म्हणाली. मग तिनं डावीकडच्या रंगीत ठोकळ्यांतला एक निळा ठोकळा उचलून मधे ठेवला, त्याच्या डोक्यावर एक पिवळा बसवला, वरचं हिरवं निशाण दाबलं आणि मांजर सरळ आडवं गेलं. फार नाही, दहा पावलं. मांजराचं पाऊल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, आणि सगळ्या पडद्याची रुंदी असे ४८० ठिपके. म्हणजे तसं ते जागचं हललंच फक्त. पण शकुन तो शकुन.

या प्रकाराला स्क्रॅच म्हणतात. मुलांना संगणकाला हुकूम सोडायला शिकवणारी ही भाषा. स्क्रॅच म्हणजे ओरखडा, आणि मांजर दिसल्यावर ते नाव कसं पडलं हे मला विचारावंसंही वाटलं नाही. पण नातीनं ते नाव मांजरावरून पडलेलं नाही असं सांगितलं. तबकडीवर गाणी वाजवणारे लोक तबकडी हातानं पुढं-मागं घासून नवेच आवाज काढतात, त्या घासण्याला स्क्रॅच म्हणतात. जुन्या गोष्टी उलटसुलट जोडून नवी काढायची, अशी त्यामागची कल्पना. माझ्या लहानपणी मी फोनोच्या तबकडीला असं केलं असतं तर वडिलांनी माझ्यातून कुठले आवाज काढले असते, हा विचार मी मनातच ठेवला.

ही भाषा लिहायची नसते, जोडायची असते. 'दहा पावलं चाल' हा एक ठोकळा. 'पंधरा अंश वळ' हा दुसरा. 'दहा वेळा कर' हा ठोकळा उघड्या जबड्यासारखा असतो. त्याच्या पोटात जे घालाल ते दहा वेळा होतं. प्रत्येक ठोकळ्याला खाच असते आणि खाचेत बसेल तेच बसतं. 'जर' नावाच्या ठोकळ्याला षटकोनी खाच आहे. तिच्यात लंबगोल आकडा कोंबायला गेलात तर तो आत शिरतच नाही. हे मला एकदम पटलं. आपल्याकडे पत्रिका पाहतात तसंच. नाडी जुळली नाही की स्थळ परत. मात्र पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा होतोच असं नाही, आणि ठोकळे जुळले म्हणजे मांजर योग्य ठिकाणी पोचतंच असंही नाही. त्याचं पुढे सांगतो.

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला या पोरखेळाचं एवढं काय? मीही चिरंजीवांना फोनवर हेच विचारलं. तो हिंजवडीत संगणकाच्याच कंपनीत आहे. त्यानं मला जी माहिती पुरवली तिचा सारांश असा. मुलांसाठी संगणकाची भाषा करावी हा विचार आजचा नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' नावाची भाषा काढली. पॅपर्ट हा गणिती, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. मुलं विचार कसा करतात हे पाहायला तो जिनिव्हाला ज्याँ पियाजेंच्या हाताखाली राहून आलेला. लोगोत मांजर नव्हतं, कासव होतं. पहिली कासवं तर जमिनीवर खरोखर चालणारी यंत्रं होती. पोटाखाली पेन लावलेलं असायचं. 'पुढे ५०, उजवीकडे ९०' असं चार वेळा सांगितलं की कासव कागदावर चौकोन काढून मोकळं.

आपल्याकडे केंद्र सरकारनं १९८४ साली शाळांत संगणक नेण्याची 'क्लास' नावाची योजना सुरू केली, तेव्हा ब्रिटनचे बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आणले होते. बीबीसी म्हटल्यावर आमच्या पिढीला वाटलं, यावर बातम्या लागणार. पुढे बऱ्याच शाळांतून संगणकाच्या खोलीला गाभाऱ्याचा मान मिळाला. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि मूर्तीला हात लावायचा नाही. कासवानं सशाची शर्यत जिंकली, पण आपल्या शाळेच्या उंबऱ्यापर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली.

तोवर तिकडे एम. आय. टी. नावाच्या विद्यापीठात पॅपर्टच्या विचारात वाढलेल्या मिचेल रेझ्निक यांच्या मंडळींनी २००७ साली स्क्रॅच बाहेर काढलं. लोगोत शब्द टंकावे लागत. एखादं अक्षर चुकलं की संगणक रुसायचा. ठोकळ्यांत अक्षर चुकायची सोयच नाही. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी हे. त्याहून लहानांना, पाच ते सात वर्षांच्या, अक्षरंही नीट येत नाहीत म्हणून २०१४ साली नुसत्या चित्रांच्या ठोकळ्यांचं धाकटं स्क्रॅचही निघालं. आणि या सगळ्याला पैसे पडत नाहीत, फुकट! हे शेवटचं ऐकल्यावर माझा त्या विद्येबद्दलचा आदर दुणावला.

हे पुराण चालू असताना सौ. आत मोदकांचं पीठ मळत होती. नातीनं तिलाही बोलावून 'दहा वेळा कर'चा जबडा दाखवला. सौ.नं पिठाचे हात वर धरून तो लांबूनच पाहिला आणि म्हणाली, "यात काय नवीन? अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतात, तेच हे."

"पण आजी, यातलं सगळंच्या सगळं एकवीस वेळा होतं हं."

"मग फलश्रुती बाहेर ठेवायची. ती शेवटी एकदाच."

नात क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं एक ठोकळा जबड्यातून काढून जबड्याच्या खाली लावला आणि म्हणाली, "आजी, हे मला समजायला एक आठवडा लागला होता!" मोदकाच्या वाफेवर एक अक्षर स्पष्ट न बोलणारी बाई संगणकाच्या एका मुख्य तत्त्वाशी अशी सहज येऊन पोचली आणि पुन्हा पीठ मळायला गेली. ज्या घरात एकवीस दूर्वा, एकवीस मोदक आणि एकवीस आवर्तनं मोजली जातात, त्या घराला पुनरावृत्ती अमेरिकेनं शिकवावी लागत नाही, असं ती आतून म्हणाल्याचं मला ऐकू आलं.

आता ते मांजर चुकलं कसं ते सांगतो. नातीला मांजर सारखं येरझाऱ्या घालायला हवं होतं. तिनं 'सतत कर'च्या पोटात 'दहा पावलं चाल' घातलं. निशाण दाबताच मांजर सुसाट निघालं आणि पडद्याच्या कडेला जाऊन अडकलं. शेपटी तेवढी आत, बाकीचं मांजर परराज्यात. मग तिनं 'कडेला लागलास तर उलट फीर' हा ठोकळा घातला. आता मांजर कडेला धडकलं आणि परत फिरलं खरं, पण पाय वर, डोकं खाली! त्याच अवस्थेत ते छतावरून चालावं तसं डाव्या कडेपर्यंत गेलं, तिथे सुलटं झालं आणि पुन्हा उजवीकडे निघालं.

"शीर्षासन!" मी म्हटलं. "लोणावळ्याचं पाणी लागलं त्याला. इथे १९२४ सालापासून कैवल्यधाम आहे. माणसं लांबलांबून येऊन योग शिकतात. मांजर एका दिवसात शिकलं."

नात हसली. खो खो हसली. आणि ते हसणं ऐकून स्वयंपाकघरातली लाटणी-भांडी एकदम थांबली. का, ते सांगायला हवं.

आमची ही नात गेलं वर्षभर चुकायला घाबरते. तिच्या गणिताच्या वहीची पानं खोडरबरानं इतकी झिजलीत की पाठीमागचं गणित पुढून वाचता येतं. काही पानांना चक्क भोकं आहेत. तीन अधिक चार लिहायच्या आधी ती "सात ना, आजोबा?" असं विचारते आणि तुमचा चेहरा वाचते. शाळेत कुठे तरी, कधी तरी, फळ्यासमोर उभं राहून काही चुकलं असेल आणि वर्ग हसला असेल. एवढंच. मोठ्या माणसांना ती गोष्ट आठवतही नसेल. पण तेव्हापासून तिचा हात वर होत नाही, अशी तिच्या आईची तक्रार. सौ.नं दृष्ट काढली, सूनबाईनं बदाम दिले, चिरंजीवांनी शिकवणी लावली. भोकं मोठी होत गेली.

आणि तीच मुलगी उलट्या मांजराकडे बघून हसत होती. चुकलं होतं, आणि तिनं कुणाचाही चेहरा वाचला नव्हता. "थांबा हं," ती स्वतःशीच म्हणाली. एकेक ठोकळा बाजूला काढून पाहिला, परत लावला, निळ्या ठोकळ्यांत शोधलं आणि 'फक्त डावीकडे-उजवीकडे वळ' अशा अर्थाचा एक ठोकळा आणून वर बसवला. मांजर कडेला गेलं, सुलट्या अंगानं वळलं आणि शहाण्यासारखं परत आलं. खोडरबर कुठेच लागलं नाही.

पॅपर्टनं १९८० साली 'माइंडस्टॉर्म्स' नावाचं एक पुस्तक लिहिलं, त्यात हीच गोष्ट सांगितली आहे असं चिरंजीवांकडून कळलं. शाळेत उत्तर एक तर बरोबर असतं किंवा चूक, आणि चूक असलं की मूल ते लवकरात लवकर विसरू बघतं. संगणकाला हुकूम सोडणाऱ्याचं पहिल्या फटक्यात कधीच बरोबर येत नाही, मोठमोठ्या तज्ज्ञांचंही नाही. त्यामुळे तिथे प्रश्न 'बरोबर की चूक' असा राहत नाही, 'कुठे बिघडलंय आणि दुरुस्त होईल का' असा राहतो. सायकलची साखळी पडली तर सायकल नापास होत नाही. आपण हात काळे करून साखळी चढवतो. तसं.

"हे सगळं ठीक आहे बाबा," चिरंजीव फोनवर म्हणाला, "पण हा खेळ झाला. नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. आता तिला स्क्रॅचमधून काढून पायथनला घालायला हवं. एक क्लास बघितलाय."

"पायथन म्हणजे?" सौ.नं विचारलं.

"अजगर," मी म्हटलं.

"नऊ वर्षांच्या पोरीच्या हातचं मांजर काढून अजगर देता?" सौ.नं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं संभाषण गणपतीच्या दिवसांत लिहिण्यासारखं नाही. ते नाव अजगरावरून पडलेलं नसून इंग्लंडातल्या माँटी पायथन नावाच्या विनोदी मंडळींवरून पडलं आहे, हे चिरंजीव सांगत होता, पण त्याचं कोण ऐकतो? २०२० सालच्या सुमारास, लोक टाळेबंदीत घरी बसले होते तेव्हा, सहा वर्षांच्या मुलांना संगणक शिकवून लक्षाधीश करून देणाऱ्या जाहिरातींचा असा काही पूर आला होता की आमच्या शेजारच्यांनी मुलाचा गोविंदविडा झाल्याबरोबर त्याला नाव घालायचा बेत केला होता. त्या पुरात आमच्या चिरंजीवांच्याही चपला थोड्या वाहून गेल्या असाव्यात. बापाची काळजी खोटी नसते. पण पोरगी कशात तरी हसली आहे, हे त्याच्या कंपनीच्या कुठल्या तक्त्यात बसतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. ज्या लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ सालापासून वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांना गेली, त्या लोणावळ्यात पाऊस आला की वीज जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जुन्या लॅपटॉपनं अर्ध्या तासात मान टाकली. आता नात रडणार, म्हणून सौ. खव्याचा मोदक घेऊन आली. पण नातीनं मला उभं केलं.

"आजोबा, तुम्ही मांजर."

याला शास्त्राधार आहे बरं. कासव कुठे चुकतं हे कळत नसेल तर स्वतः कासव होऊन चालून बघा, असं पॅपर्टच मुलांना सांगायचा. त्यानं आजोबांना सांगितलं नव्हतं, एवढंच. मला दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या आणायचा होता.

"दहा पावलं चाल." मी सहा चाललो आणि कपाट आलं.

"थांबलात का?"

"कपाट आहे."

"मांजराला कपाट कळत नाही. चार राहिली."

उरलेली चार पावलं मी कपाटाशी जागच्या जागी टाकली. मग "नव्वद अंश उजवीकडे" झालं, "पाच पावलं" झाली आणि मी अंगणात तुळशीवृंदावनाजवळ भर पावसात उभा राहिलो. पुढचा हुकूम येईना, कारण आत नात आणि तिची आजी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. बरोबर येईपर्यंत सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला नातीनं पाटीवर नवा ठोकळा काढला : 'जर समोर कपाट असेल तर डावीकडे वळ, नाही तर पुढे चाल.' तांब्या आला. मीही आलो, पण मला पुसून घ्यावं लागलं.

आणि टॉवेलनं डोकं पुसता पुसता मला तो 'जर-तर-नाही तर' ओळखीचा वाटला. ओळखीचा म्हणजे काय, पस्तीस वर्षं मी त्याच्याच पगारावर जेवलो होतो.

मी रेल्वेत होतो, घाटात, सिग्नल खात्यात. नोकरीतल्या पस्तीस वर्षांत आणि निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत 'म्हणजे तुम्ही नक्की काय करायचात?' असं मला घरात कुणी विचारलेलं नाही. डेक्कन क्वीनमध्ये जागा मिळवून देता येईल का, असं विचारत. त्या दुपारी नातीनं विचारलं. बाहेर पाऊस, आत अंधार, करायला दुसरं काही नाही. त्याशिवाय सिग्नल खात्याला श्रोता मिळत नाही.

मी पाटीवर घाट काढला. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली. चढ इतका कठीण की खंडाळ्याजवळ एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट्या दिशेनं पुढे न्यावी लागे. १९२९ सालापर्यंत हे चाललं. "म्हणजे कडेला लागलास तर उलट फीर," नात म्हणाली. अगदी तेच. सदतीस फुटांना एक फूट असा उतार. आमच्या रेल्वेत मुंबईकडे जाते ती गाडी 'अप' आणि मुंबईहून येते ती 'डाऊन', त्यामुळे घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाऊन. हे ऐकून नात म्हणाली, "यांचं मांजर पहिल्यापासून उलटं आहे." मी खात्याच्या वतीनं काही बोललो नाही.

"आता ऐक. गाडी घाट उतरतेय आणि ब्रेक लागले नाहीत, तर काय होईल?"

"पडेल."

"म्हणून वाटेत ठरलेल्या जागी प्रत्येक गाडीनं थांबायचंच. मंकी हिल, ठाकूरवाडी. उतारू चढायचे म्हणून नव्हे, ब्रेक धरतात हे दाखवायचं म्हणून. आणि तिथे पुढे रूळ फुटतात. एक फाटा खाली मेन लाइनला जातो, दुसरा बाजूच्या चढावर. त्या चढावरच्या फाट्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी यायच्या आधी सांधा कुठल्या बाजूला लावलेला असेल?"

"मेन लाइनला."

"चढाच्या बाजूला. कायम. गाडी थांबली, तरच सांधा फिरवून मेन लाइन द्यायची. नाही थांबली, तर ती आपोआप चढावर जाणार, चढता चढता तिचा जोर संपणार, आणि ती उभी राहणार. माणसं शाबूत."

नात बराच वेळ पाटीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे गाडी चुकणार, हे तुम्ही आधीच धरून चालायचात?"

"रोज."

"आणि रागवायचात नाही?"

"चौकशी व्हायची. राग कशाला? गाडीला रागवून ब्रेक लागतो का? चुकणाऱ्या गाडीसाठी जागा आधीच करून ठेवायची, हेच तर आमचं काम."

मला वाटतं, त्या मांजराच्या भाषेचंही गुपित हेच असावं. लंबगोल आकडा षटकोनी खाचेत जात नाही, तिथे पहिला सांधा. मांजर भिंतीवर गेलं तर काही फुटत नाही, कुणी हसलं तर आपणच हसतो, तिथे दुसरा. घसरलेल्या पोराचा जोर हळूहळू उतरावा आणि त्यानं मागे येऊन पुन्हा मेन लाइन धरावी, यासाठी कुणी तरी तिकडे लांब बसून बाजूचा चढ बांधून ठेवला आहे. आपल्या शाळांतून सिग्नल भरपूर आहेत, आणि बहुतेक लाल. बाजूचा चढ मात्र फारसा कुणी बांधलेला दिसत नाही.

रात्री वीज आली. नातीनं मांजराला सुट्टी दिली आणि त्याच्या जागी आगगाडी आणली. अनंतचतुर्दशीपर्यंत आमच्या पाटावर घाट होता. तिची गाडी पहिल्यांदा मंकी हिलला थांबलीच नाही आणि कॅच सायडिंगवर चढली. दुसऱ्यांदा थांबली, पण सांधा फिरला नाही. तिसऱ्यांदा सांधा फिरला आणि गाडी मागच्या मागे लोणावळ्याकडे निघाली. दर वेळी ती ओरडायची, "आजोबा, माणसं शाबूत!" आणि ठोकळे तपासायला बसायची. कितव्या वेळी गाडी कर्जतला पोचली ते मी मोजलं नाही. पोचली तेव्हा सौ.नं वडे तळले, कारण कर्जत आलं की वडा खायचा, याला कुठल्याही भाषेत 'जर' नाही.

सुट्टी संपली, नात लोकलनं पुण्याला गेली. चिरंजीवांनी क्लासचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं आहे. पुढच्या वर्षी म्हणजे केव्हा, हे मी विचारलं नाही. कळतं की.

परवा सूनबाईनं तिच्या गणिताच्या वहीच्या एका पानाचा फोटो मोबाइलवर पाठवला. एक भागाकार चुकलेला होता. खोडरबराचा माग नव्हता, पानाला भोक नव्हतं. चुकलेल्या ओळीवर पट्टीनं एक सरळ रेघ मारलेली, खाली तोच भागाकार पुन्हा नीट केलेला, आणि चुकलेल्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं : 'कॅ. सा.' त्याखाली बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, 'कॅ. सा. म्हणजे काय?'

सत्तेचाळीस वर्षांत सिग्नल खात्याबद्दल कुतूहल दाखवणारी ही दुसरी व्यक्ती. मी चष्मा पुसला आणि बाईंना सविस्तर पत्र लिहायला घेतलं. आकृतीसह.